फावल्या वेळाचा धंदा

पौषांतल्या विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला हिवरा आश्रमास जाण्याचा योग या वर्षीं पुन्हां आला. मेहकर तालुक्यांतील हें गांव. शुकदास महाराजांनीं येथें उभा केलेला विवेकानंद आश्रम एवढा वाढला कीं तो गांवाच्या नांवालाच जोडला गेला. आतां कोणी नुसतें हिवरा म्हटलें तर मोटारीचा कंडक्टर 'कोणतें हिवरा?' म्हणून उलट विचारतो. उत्सवाच्या अखेरीस लाखो माणसांची पंगत बसते, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून पंक्तीपंक्तींत फिरविली जाते. हजारों हातांनीं मिळून केलेलें असें काम डोळ्यांपुढें असतां एकट्या माणसानें करण्याजोगा धंदा कोणता ह्याचा विचार कोणाला सुचेल? मलाही तो सुचला नाहीं. तो माझ्या भाच्यानें माझ्यावर लादला.

माझी धाकटी बहीण ह्या गांवीं दिली आहे. तिचा एकुलता मुलगा पुण्याच्या एका कंपनींत संगणकाचें काम करतो. २०२० च्या साथींत तो घरीं आला आणि तेव्हांपासून घरीं बसूनच नोकरी करीत राहिला. मध्यंतरीं वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सहा एकर कोरडवाहू शेत पाहणारें दुसरें कोणी नाहीं. आतां कंपनीचें पत्र आलें आहे कीं जूनपासून प्रत्येकानें कचेरींत हजर झालें पाहिजे. पंगतीहून परत आल्यावर रात्रीं त्यानें माझ्यापुढें एक कागद ठेवला. त्यावर सात कल्पना क्रमांक घालून लिहिल्या होत्या. प्रत्येक कल्पना म्हणजे एकट्यानें, नोकरी सांभाळून, रात्रीं दोनतीन तास बसून तयार करतां येईल असें एखादें सॉफ्टवेअर.

"मामा, ह्यांतलें कोणतें धरूं?" तो म्हणाला. "पैसे मिळाले पाहिजेत, आणि करतांना कंटाळाही येतां कामा नये. जूनपर्यंत निम्म्या पगाराएवढें जरी सुटूं लागलें, तरी मी पुण्याला जात नाहीं."

संगणकांतलें मला ओ कीं ठो कळत नाहीं. माझें आयुष्य इतिहासाच्या मास्तरकींत गेलें. परंतु कागद वाचतां वाचतां माझ्या ध्यानांत आलें कीं यंत्र नवें असलें तरी हा प्रश्न नवा नाहीं. नोकरींत किंवा दुसऱ्याच्या कारखान्यांत असलेल्या, हातांत थोडी विद्या आणि गांठीला त्याहून थोडे पैसे असलेल्या माणसानें फावल्या वेळांत काय हातीं घ्यावें, हा प्रश्न आपल्या इकडे निदान दोनशें वर्षें विचारला जात आहे, आणि त्याचीं कांहीं उत्तरें चांगलीं नोंदलेलीं आहेत.

त्यांतलें पहिलें मला गणपत कृष्णाजींचें वाटतें. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ते कामाला होते. मिशनचीं मराठी पुस्तकें तेथें छापून निघत. तीं पाहून आपल्या लोकांचे ग्रंथही असेच छापावे असें त्यांच्या मनानें घेतलें. विलायतेहून यंत्र मागविण्याइतकें द्रव्य जवळ नव्हतें. तेव्हां त्यांनीं छापण्याचें यंत्र स्वतः खटपट करून बनविलें, शाई स्वतः घोटली, शिळेवर छापण्याची कला साधली आणि पुढें खिळेही स्वतः पाडले. ह्या माणसाच्या हातांतील कौशल्याविषयीं वाद नाहीं. मला विशेष वाटतें तें त्यांच्या निवडीचें. छापण्याजोगे ग्रंथ पुष्कळ होते. त्यांनीं १८३१ सालीं, म्हणजे शके १७५३ च्या आरंभीं, पंचांग छापलें, आणि मराठींतील पहिलें छापील पंचांग म्हणून तें आज ओळखलें जातें.

पंचांगाची निवड किती शहाणपणाची होती तें पाहा. त्यापूर्वीं पंचांग हातानें लिहीत. जोशीबुवा गणित करीत, त्याच्या नकला होत, आणि वर्षप्रतिपदेला ते घरोघर जाऊन वर्षफल वाचून दक्षिणा घेत. म्हणजे पंचांगासाठीं लोक पैसे देतील कीं नाहीं हें ठरविण्याची जरुरीच नव्हती. ते कित्येक पिढ्या देतच होते. शिवाय फाल्गुन संपला कीं जुनें पंचांग रद्दी होतें. पोथी एकदां घेतली कीं नातवाच्या हयातींतही चालते. पंचांगाचें गिऱ्हाईक दर चैत्रांत पुन्हां दारांत उभें! आमचा भाचा म्हणाला कीं ह्यालाच आजकाल वार्षिक वर्गणीचें सॉफ्टवेअर म्हणतात, आणि सगळे त्याच्याच मागें आहेत. असतील. तिसरी गोष्ट अशी कीं गणित करण्याचें काम गणपत कृष्णाजींचें नव्हतें. तें जोश्यांकडेच राहिलें. त्यांनीं साऱ्या व्यवहारांतला एकच दुवा बदलला, नकलेचा. आणि तो बदलण्याची विद्या त्यांच्या हातांत होती.

अडचण आली ती भलत्याच दिशेनें. छापील शाईंत चरबी असते अशा समजुतीनें सोवळे लोक छापील कागदाला शिवत ना. ह्यावर तुपांत खललेल्या शाईनें धर्मग्रंथ छापल्याची आख्यायिका सांगतात. गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ सालच्या आपल्या 'मुंबईचें वर्णन' ह्या ग्रंथांत ह्या छापखान्याची हकीकत दिली आहे. ती वाचली म्हणजे वाटतें कीं ह्या गृहस्थांना खरा आनंद नीटनेटकी छपाई साधण्यांत होता, मग छापावयाचें तें पंचांग असो कीं स्तोत्र. तिथि, वार, नक्षत्र ह्यांच्या रकान्यांत रंजक असें काय आहे? पण रकान्याची रेघ सरळ उमटावी ह्या नादांत माणूस रात्र काढूं शकतो. पंचांगाचा हा धंदा अजून मेलेला नाहीं. जयंतराव साळगांवकरांनीं १९७३ मध्यें 'कालनिर्णय' काढलें तेंही दर वर्षीं भिंतीवरून उतरावें लागणाऱ्या ह्याच मालाच्या बळावर. फक्त पानाच्या पाठीमागें त्यांनीं वाचावयास मजकूर दिला.

दुसरें उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. तें अधिक गुंतागुंतीचें आहे व म्हणून मला अधिक आवडतें.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले; तेथें आढळून आलें कीं त्यांना कांहीं रंगांतला भेदच दिसत नाहीं. रंगांची वाट बंद झाली तेव्हां ते यंत्रांच्या आकृति काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. नोकरी पोटापुरती. पण संस्थेंत यंत्रें होतीं आणि ह्या माणसाला यंत्र उघडून आंत काय आहे तें पाहिल्यावांचून चैन पडत नसे. अशांत सायकल त्यांच्या दृष्टीस पडली. आज पोराटोरांच्या ह्या वाहनाचें त्या काळीं केवढें अप्रूप होतें ह्याची कल्पना आपल्याला येणार नाहीं. ते स्वतः चालवावयास शिकले. मग मुंबईंत सायकली विकत घेऊन त्या बेळगांवीं वडील बंधु रामूअण्णांकडे धाडावयाच्या व त्यांनीं तेथें त्या विकावयाच्या आणि चालवावयास शिकविण्याबद्दल १५ रुपये घ्यावयाचे, असा क्रम सुरू झाला. १८८८ हें वर्ष किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याचा आरंभ म्हणून सांगितलें जातें, तें ह्या सायकलींच्या दुकानाचें. ज्या रस्त्यावर हें दुकान होतें त्याला बेळगांवांत पुढें किर्लोस्कर रोड असेंच नांव पडलें.

येथपर्यंतची गोष्ट फार गोड आहे. ज्याची हौस, त्याचाच व्यापार. आणि हौस करतांना मासिक पगार चालू. पण सायकलीचें दुकान हा लक्ष्मणरावांचा शेवट नव्हे. बढतीची वेळ आली तेव्हां त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला आणि ते बेळगांवीं आले. मागें दुकान चालू होतें म्हणूनच त्यांना ही मानी कृति परवडली, हें इतिहासकारानें नमूद केलें पाहिजे. जोडधंद्याचा असा एक उपयोग आहे कीं जो हिशेबाच्या वहींत कधींच दिसत नाहीं.

बेळगांवीं त्यांनीं शेतकऱ्यांसाठीं दोन वस्तू केल्या. एक कडबा कापण्याचें यंत्र, दुसरा लोखंडी नांगर. कडब्याचें यंत्र समजावून द्यावें लागत नव्हतें. विळ्यानें कडबा तोडतांना किती वेळ मोडतो आणि ताटें कशीं वायां जातात हें प्रत्येक शेतकऱ्याच्या घरांत रोज दिसत होतें. नांगराचें मात्र तसें झालें नाहीं. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष भिनतें अशी समजूत. शिवाय लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यांत करून देई, त्याला रोख पैसा लागत नसे. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं म्हणतात. ह्या दोन वर्षांविषयीं लिहिणारे सर्वजण लक्ष्मणरावांच्या चिकाटीची स्तुति करतात. ती योग्यच आहे. पण त्या दोन वर्षांत चूल कशावर पेटत होती, हें कोणी विचारीत नाहीं. ती सायकलींवर व कडब्याच्या यंत्रावर पेटत होती. ज्या वस्तूला गिऱ्हाईक तयार होतें तिनें, ज्या वस्तूला गिऱ्हाईक घडवावयाचें होतें तिला पोसलें.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. तेथें मात्र आपला विषय संपतो, कारण तो धंदा मग एकट्यादुकट्याचा राहिला नाहीं. एवढेंच सांगण्याजोगें कीं त्या मोठ्या कारखान्याच्या पोटांतही एक फावल्या वेळाचा धंदा जन्मला. गिऱ्हाइकांना कारखान्याची वार्ता कळावी म्हणून शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि नांगरांच्या जाहिरातीसाठीं निघालेलें तें पत्र मराठींतलें एक प्रमुख मासिक होऊन बसलें.

आतां ज्याची निवड चुकली अशा माणसाचें उदाहरण द्यावयास हवें. तें शंकर आबाजी भिसे ह्यांचें. 'चुकली' हा शब्द लिहितांना हात अडखळतो, कारण बुद्धीनें हा पुरुष वरील दोघांपेक्षां तेजस्वी होता. मुंबईंत तरुणपणींच ते यंत्रांच्या नादीं लागले. साखर, पीठ असला माल आपोआप जोखून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याबद्दल लंडनच्या एका पत्राच्या स्पर्धेंत त्यांना बक्षीस मिळालें आणि त्या जोरावर ते विलायतेस गेले. दादाभाई नौरोजींनीं त्यांना आधार दिला. पुढें रतन टाटांचें भांडवल मिळालें. भिश्यांनीं हातीं घेतलें तें छापण्याचे खिळे अतिवेगानें पाडणारें यंत्र. खिळे पाडण्याचें काम गणपत कृष्णाजींनींही केलें होतें, पण स्वतःच्या छापखान्यापुरतें. भिश्यांचें यंत्र विकावयाचें तर साऱ्या जगांतील मोठ्या ओतशाळांशीं टक्कर होती. एकएक नमुना बनविण्यास कारखाना लागे, आणि प्रत्येक सुधारणेला नवा धनी शोधावा लागे. पैसा आटला कीं काम बंद. १९१६ मध्यें ते अमेरिकेस गेले. तेथेंही यंत्राची खटपट चालू राहिली. पण अखेरीस पैसा मिळाला तो बहुतांशीं आयोडिनाच्या एका औषधावर, ज्याला बाटली आणि बूच ह्यांपलीकडे फारसें कांहीं लागत नव्हतें. १९३५ मध्यें न्यूयॉर्क येथें ते वारले. खिळ्यांच्या यंत्रांत त्यांना आनंद मिळाला नसेल असें मी म्हणत नाहीं. तें यंत्र एका माणसाच्या मापाचें नव्हतें, इतकेंच.

एवढें ऐकून घेऊन भाचा म्हणाला, "पण मामा, आमच्या धंद्यांत ओतशाळाच लागत नाहीं. एकदां लिहिलें कीं लाख प्रती फुकट निघतात."

हें खरें आहे, आणि ह्या एका गोष्टीनें जुनें गणित पुष्कळ बदललें आहे. गणपत कृष्णाजींना प्रत्येक पंचांगाला कागद लागे. सॉफ्टवेअरच्या प्रतीला कांहींच लागत नाहीं. गूगलच्या दुकानांत आपला माल मांडावयाचा तर एकदांच २५ डॉलर भरावे लागतात, आणि पहिल्या दहा लाख डॉलरांच्या विक्रीवर १५ टक्के अडत. २०२१ पासूनचा हा दर भाच्यानें मला सांगितला. मेहकरच्या बाजारांत टोपली घेऊन बसणाराला ह्याहून स्वस्त जागा मिळते असें मला वाटत नाहीं. परंतु प्रती फुकट झाल्या म्हणजे गिऱ्हाईकही फुकट मिळतें असें नाहीं. 'झोपेंतही पैसे मिळतात' असें ह्या धंद्याविषयीं जें सांगतात तें सांगणारे बहुधा तोच उपदेश विकून पैसे मिळवीत असतात.

ह्या क्षेत्राचाही आतां इतिहास झाला आहे. अमेरिकेंत जिम नॉफ नांवाचे एक गृहस्थ आय. बी. एम. कंपनींत नोकरीस होते. आपल्या चर्चच्या मंडळींचे पत्ते छापण्यासाठीं त्यांनीं घरच्या संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. मित्रांनीं मागितला, मित्रांच्या मित्रांनीं मागितला. पाठविण्याचा खर्च अंगावर येऊं लागला. तेव्हां १९८२ मध्यें त्यांनीं त्यांतच एक चिठी घातली कीं हा आवडल्यास १० डॉलर पाठवावे, आणि पाहिजे त्याला नक्कल द्यावी. असे आपण होऊन पैसे कोण पाठवितो, तुम्ही म्हणजे वेडेच आहां, असें त्यांच्या पत्नीचें मत पडलें. त्याच सुमारास अँड्रयू फ्लुगलमन ह्यांनींही स्वतंत्रपणें हीच युक्ति काढली होती. दोघांनीं पुढें संगनमतानें किंमत २५ डॉलर केली. १९८४ पर्यंत जिम नॉफांना, ज्यांनीं धंद्यासाठीं बटन हें नांव घेतलें होतें, पगाराच्या कित्येक पट मिळूं लागले आणि त्यांनीं नोकरी सोडली. पत्त्यांच्या चिठ्या! पंचांगाच्या रकान्यांपेक्षांही नीरस विषय. पण ज्याला दोनशें पाकिटांवर हातानें पत्ते लिहावे लागले आहेत त्यालाच त्याची किंमत.

भाच्याच्या कागदावर पहिल्या क्रमांकाला एक खेळ होता. त्याच्या डोळ्यांत खेळाविषयीं बोलतांना जी चमक येत होती ती मी पाहत होतों, म्हणून खेळांविषयीं मीं त्यालाच विचारलें. त्यानें दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही येथें नोंदण्याजोग्या आहेत.

एक हनोई येथील डाँग गुएन ह्या तरुणाची. त्यानें थोड्या दिवसांत एक लहानसा खेळ लिहिला: एक पांखरूं उडवावयाचें आणि नळांच्या फटींतून नेावयाचें. २०१३ मध्यें तो लोकांपुढें आला. कित्येक महिने कोणी त्याकडे पाहिलें नाहीं, आणि मग एकाएकीं साऱ्या जगाला त्याचें वेड लागलें. जाहिरातींपासून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात अशी बातमी पसरली. फेब्रुवारी २०१४ मध्यें त्यानें तो खेळ स्वतःच्या हातानें काढून टाकला. लोकांना त्याचें व्यसन लागलें, आपलें साधें आयुष्य गेलें, असें त्याचें म्हणणें होतें. नफा होता, आनंद उरला नव्हता. दुसरी गोष्ट अमेरिकेंतील एरिक बरोन ह्याची. त्यानें २०१२ पासून सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें शेतीचा एक खेळ रचला. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, लिखाण त्याचें. त्या काळांत तो एका नाट्यगृहांत लोकांना जागा दाखविण्याचें काम करी. २०१६ मध्यें खेळ निघाला आणि त्याच्या लाखों प्रती खपल्या.

"बघा," भाचा म्हणाला.

"बघितलें," मी म्हणालों. "त्या साडेचार वर्षांत घर कोण चालवीत होतें?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याची मैत्रीण नोकरी करीत होती." आंतल्या खोलींत त्याचे वडील खोकले, आणि बहिणीनें उठून त्यांना पाणी दिलें.

बरोनच्या गोष्टींत आणखी एक बाब आहे, ती त्यानेंच ओघांत सांगितली. शेतीचे खेळ त्यापूर्वींच निघालेले होते. हा स्वतः लहानपणापासून ते खेळत असे, आणि नवे निघतात ते पूर्वींसारखे चांगले नाहींत ही त्याची तक्रार होती. म्हणजे खेळ झाला तरी तोही कडब्याचें यंत्रच होता, नांगर नव्हता.

भाच्याचा दुसरा क्रमांक मराठीसाठीं सुंदर अक्षरांचे संच विकण्याचा होता. तो मीं खोडावयास सांगितला, आणि ह्या बाबतींत मला थोडी स्वतःची माहिती आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी टंकलेखनाची जी दशा होती ती ज्यांनीं संगणकावर प्रश्नपत्रिका काढल्या त्यांना ठाऊक आहे. एका संचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर नेला कीं 'विद्यार्थी' चा नुसता चिखल होई. प्रत्येक विक्रेत्याची संकेतपद्धति निराळी. तेव्हां अक्षरांचे संच पैसे देऊन घ्यावे लागत. पुढें युनिकोडची सर्वांना समान पद्धति आली. विंडोज २००० बरोबर प्राध्यापक र. कृ. जोशी ह्यांनीं काढलेलें 'मंगल' अक्षर फुकट मिळूं लागलें. आणि ज्याला केवळ पत्र किंवा प्रश्नपत्रिका लिहावयाची त्यानें विकत घेणें सोडलें. जोश्यांसारख्या कलावंताचें काम सर्वांच्या घरीं पोंचलें ह्याचा मला आनंदच आहे. परंतु मोठी पेढी जें आज ना उद्यां फुकट वाटणार, तें एकट्यानें विकावयास बसूं नये.

तिसरी, चौथी व पांचवी कल्पना सगळ्या महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांना एकत्र करणाऱ्या होत्या. त्या वाचून मला आश्रमाच्या पंगतीचीच आठवण झाली. तेथें ट्रॅक्टर लागतात.

सहावी ओळ एवढीच होती: 'कृषि सेवा केंद्राची उधारी.' त्यापुढें कंसांत लिहिलें होतें, 'कंटाळवाणें'.

ही कल्पना त्याच्याजवळ कशी आली तें विचारतां कळलें कीं ती कल्पनाच नव्हती. जवळच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानदाराला त्यानें गेल्या वर्षीं एक हिशेबाचा तक्ता करून दिला होता, स्नेहाखातर. मृगावर शेतकरी बी, खत, औषधें उधार नेतो; सोयाबीन विकलें कीं पैसे देतो, कांहीं आतां, कांहीं तुरीवर. अनुदानाचें खत सरकारी यंत्रावर अंगठा उमटवूनच द्यावें लागतें, म्हणून त्याची नोंद तेथें होते. पण उधारी त्या यंत्रांत नाहीं. ती लाल वहींत. त्या वहीसाठीं दुकानदार दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत एक मुलगा पगारावर ठेवी, आणि तरीही दर वर्षीं दोनचार खात्यांवरून भांडणें होत. तक्ता आल्यापासून मुलगा ठेवलेला नाहीं.

"ह्यांत गंमत काय आहे?" भाचा म्हणाला.

मी उत्तर देण्याच्या आंत त्याचा फोन वाजला. दुकानदारच होता. उत्सवाच्या गर्दींत वसुली चांगली झाली होती, पण बेरीज जुळत नव्हती. रात्रीचे साडेदहा झाले होते आणि थंडी मी म्हणत होती. पोरगा यंत्र बगलेंत मारून, मफलर गुंडाळून गेला तो तासाभरानें परतला, आणि आल्याबरोबर मला उठवून सांगूं लागला. दोन खातेदारांचें नांव एक, वडिलांचें नांव एक, आडनांवही एकच. एकाचें बियाणें दुसऱ्याच्या नांवावर पडलें होतें. ह्या गांवांत असे किती असतील! तेव्हां नांवावरून खातें ओळखण्याची पद्धतच चूक. शेताचा गट नंबर घातला पाहिजे. पण एकाच गटाचे चार भाऊ वाटेकरी असतात, मग त्यांचें काय? ह्यावर त्यानें एक युक्ति योजिली होती. ती मला समजली नाहीं, परंतु ती सांगतांना तो मफलर काढावयास विसरला होता.

"त्यानें पैसे काय दिले?" मीं विचारलें.

"मीं मागितलेच नाहींत."

"अरे, मग मुलाला वर्षाकाठीं तो जें देत असे, त्याच्या निम्मे माग. उद्यां सकाळींच."

दुसऱ्या दिवशीं मोटारीपर्यंत तो मला पोंचवावयास आला. वाटेंत दुकान लागलें. मी बाहेर थांबलों. तो आंत गेला आणि बराच वेळानें बाहेर आला. दुकानदारानें रक्कम ऐकून नाक मुरडलें, आणि मग म्हणाला होता कीं मेहकरला त्याच्या साडूचेंही असेंच दुकान आहे, त्यालाही लागेल. पण आधीं पावती मराठींत छापून निघाली पाहिजे, आणि तीही येत्या पाडव्याच्या आंत.

"पाडव्याला किती दिवस राहिले, मामा?" भाच्यानें विचारलें. पंचांग माझ्याजवळ नव्हतें. त्यानें खिशांतून फोन काढला आणि आम्ही दोघे दिवस मोजूं लागलों तोंच मोटार आली.